उसन्या पावलाचं घर

१

नेंगाह लांत्रा रोज सकाळी काळ्या कॉफीचा पेला घेऊन घराबाहेर पडायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या भातखाचराच्या बांधावरून स्वतःच्याच घराकडे बघत राहायचा. कॉफी गार व्हायची, पण त्याचं मन काही भरायचं नाही. समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलच्या धोबीखान्यात त्याने उभी हयात घालवली होती. दुसऱ्यांच्या चादरींना परीटघडी घालता घालता हे घर उभं राहिलं होतं. मग आता ते डोळे भरून बघायचं नाही, तर काय शेजाऱ्यांची डुकरं बघायची?

बायको रस्मिनी दारात येऊन हाक मारायची, "या पाक, आत या. घर बघायला आलात वाटतं? मालक बाहेर गेलेत, पण कॉफी मिळेल." पाक म्हणजे परक्या पुरुषाला आदराने मारायची हाक. नवऱ्याला ती एरवी ब्ली म्हणायची, थोरल्या भावालाही म्हणतात तसं. तो असा फुगून उभा राहिला की मात्र मुद्दाम पाक म्हणायची आणि मग आधी नाकातून, मग सगळं अंग हलवून हसायची. ते हसू ऐकलं की नेंगाह आत यायचा. इतकी वर्षं झाली, दोघांनाही या थट्टेचा कंटाळा आला नव्हता.

त्याचं दुखणं एकच होतं. बांधावरून दिसायचं ते काय, तर भिंत आणि दरवाजा. बालीतलं घर म्हणजे काही एकच इमारत नसते. चौफेर भिंत, आत उत्तरेचा, पूर्वेचा, पश्चिमेचा असे वेगवेगळे मंडप, प्रत्येकाला आपलं छप्पर, एका अंगाला स्वयंपाकघर, कोपऱ्यात देवांचे चौथरे आणि मध्ये अंगण. नेंगाहचं अंगण तर असं ऐसपैस की कोंबडीलाही ते ओलांडायचा कंटाळा यावा. पण हे सगळं भिंतीच्या आत झाकलेलं. घराचं खरं रूप कळायचं तर ते वरूनच बघायला हवं होतं.

आणि त्यात बंजारच्या बैठकीत, म्हणजे वस्तीच्या सभेत, ठरलं की यंदा सभामंडपात एक मोठा फलक लावायचा आणि त्यावर वस्तीतल्या प्रत्येक घराचा आकाशातून घेतलेला फोटो. त्या दिवसापासून नेंगाहची झोप उडाली.

ड्रोनवाला एक पोरगेलासा माणूस येऊन गेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून नेंगाहने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. मग त्याने स्वतःच डोकं चालवायला सुरुवात केली. आधी माडावर चढला. अर्ध्यावर दम लागला, छाती सोलवटून खाली आला, आणि फोटोत काय आलं तर स्वतःचा अंगठा आणि नारळांचा घड. मग गलुंगानच्या सणाला दारात उभा केलेला वाकड्या शेंड्याचा उंच बांबू काढून त्याच्या टोकाला मुलीचा जुना फोन बांधला. बांबू झुलला आणि शेजारच्या डुकरांच्या गोठ्याचे अतिशय सुरेख फोटो निघाले. त्यानंतर लग्नाच्या मांडवाला लावतात ते हवेत तरंगणारे फुगे आणले. ते फणसाच्या झाडात जाऊन बसले. मुलगी विराती कामावरून आली आणि फोन झाडावर बघून म्हणाली, "बापा, घर राहू दे, आधी माझा फोन जमिनीवर आण."

शेवटी वस्तीतला पतंगवाला गेरीप आला आणि म्हणाला, "ब्ली, पतंग कशाला असतात?"

२

हे घर एवढं ऐसपैस कसं झालं, ती गोष्ट नेंगाह स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती फुगायची.

घर बांधायचं ते मालकाच्या अंगाच्या मापानं, ही तिथली रीत. घर बांधणारा जाणता कारागीर, उंडागी, मालकाला समोर उभं करतो. त्याचं पाऊल, त्याची वीत, दोन्ही हात पसरून होणारी वाव, सगळं एका बांबूच्या काठीवर खाचा पाडून उतरवून घेतो. अंगण किती पावलांचं, खांब किती विती, दार किती उंच, सगळं त्या काठीवर ठरतं. घर पुरं झालं की मालक ती काठी आपल्या हाताने आढ्याखाली खोचतो, आणि ती तिथेच राहते.

नेंगाह मुळात बुटका. डोक्याचं फडकं, उडेंग, तो इतकी खळ लावून कडक करायचा की त्याचा शेंडा दोन बोटं वर उभा राहावा. आता या मापाने घर बांधलं असतं तर खुराडंच झालं असतं, असं त्याचंच म्हणणं. माप घ्यायच्या दिवशी नेमकी काळ्या वाळूची गाडी आली, आणि गाडीवर वाळू उपसायला एक माणूस होता. सगळे त्याला लांडुंग म्हणत, म्हणजे उंच. खरं नाव कुणी विचारलं नाही. वस्तीतल्या एकूण एक दारातून तो मान वाकवून आत जायचा आणि वाकवूनच बाहेर यायचा. नेंगाहने त्याला बघितलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने लांडुंगला कॉफी आणि तळलेली केळी दिली, आणि आपल्या जागी उभं केलं.

म्हातारा उंडागी न्याना कुरकुरला. नेंगाहने त्याला हसून गप्प केलं. लांडुंगने चिखलाचं पाऊल धुतलं, पुढे ठेवलं, हात पसरले. वाव संपता संपेना. मग तो गमतीने म्हणाला, "म्हणजे पाक, हे घर माझ्या मापाचं होणार. जन्मात एकदा तरी न वाकता दारातून जायला मिळेल."

"माप तुझं, राहणार मी," नेंगाह म्हणाला, आणि सगळे हसले. लांडुंगही हसला. त्याचे दात फार मोठे आणि पांढरेशुभ्र होते.

घर पुरं झालं तेव्हा काठी आढ्याखाली खोचायला नेंगाहचा हात पुरेना. लांडुंग वाळूची शेवटची खेप घेऊन आलेला होता. नेंगाहने काठी त्याच्या हातात दिली आणि त्याने ती उभ्या उभ्या खोचली. त्यानंतर वाळूच्या गाडीवर दुसरीच माणसं यायला लागली. लांडुंग कुठे गेला, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"पाऊल उसनं आणलं, पण घर बघा," असं म्हणून नेंगाह गोष्ट संपवायचा.

३

गेरीप म्हणजे वस्तीच्या पतंगांचा सर्वेसर्वा. वाऱ्याचे महिने लागले की त्याचे पाय घरात ठरायचे नाहीत. त्याने मासोळीच्या आकाराचा मोठा पतंग आणला आणि त्याच्या दोरीला प्लास्टिकच्या बाटलीच्या चौकटीत तो जुना फोन बांधला. फोन आपोआप थोड्याथोड्या वेळाने फोटो काढत राहील अशी योजना विरातीने करून दिली. पतंगाच्या डोक्यावर एक धनुष्य असतं, वाऱ्यात ते घुमतं आणि त्या घुमण्यावरून कुठला पतंग कुणाचा हे गावाला घरबसल्या कळतं. गेरीपने ते धनुष्य काढून ठेवलं. घुमण्याने फोन थरथरेल, म्हणाला.

त्यामुळे त्या दुपारी पतंग चढला तो मुका चढला. खाचरातल्या बायकांनी मान वर करून बघितलं. एवढा मोठा पतंग आणि आवाज नाही, हे कुणालाच बरं वाटलं नाही. नेंगाहला त्याचं काय? दोरी त्याच्याच हातात होती. रस्मिनी देवळात गेली होती, विराती कामावर. घर रिकामं होतं, दाराला त्याने स्वतः कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला होती. अंगणावर पतंग आला तेव्हा भरदुपार होती.

संध्याकाळी विरातीने फोटो पडद्यावर मोठे करून दाखवले आणि नेंगाहच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच, हेच त्याला आयुष्यभर बघायचं होतं. सगळी छपरं रुबाबात बसलेली, आणि मध्ये ते अंगण, उन्हात न्हालेलं, झाडून लख्ख. त्याने रस्मिनीचा हात धरला. तिनेही थट्टा केली नाही.

मग विराती म्हणाली, "बापा, तू अंगणात काय करत होतास?"

अंगणाच्या मधोमध कुणीतरी उभं होतं. वरून बघितलं तर माणूस काय दिसणार, डोक्याचं फडकं आणि खांदे. पण सावली होती. भरदुपारी माणसाची सावली पायांशी गोळा होऊन पडलेली असते. ही अंगणाच्या मध्यापासून थेट स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत गेली होती.

"मी तर दोरीला होतो," नेंगाह म्हणाला.

गेरीपने पडद्याला नाक लावून पाहिलं आणि माडाच्या झावळीची सावली असेल म्हणून सांगितलं. अंगणात माड नव्हता. मग नेंगाहनेच तोडगा काढला. सणाचा बांबू असेल. दारातल्या बांबूची सावली लांबट पडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळ्यांना पटलं. बांबू त्याने स्वतःच्या हाताने कधीच काढून ठेवला होता, हे त्याला रात्री जेवताना आठवलं, पण तोवर फोटोची गोष्ट संपली होती आणि रस्मिनीने ताटात त्याच्या आवडीचं कच्च्या कांद्याचं सांबल वाढलं होतं. त्याने भात कालवायला घेतला.

तसंही फोटो पुन्हा काढायचाच होता. घर आलं होतं, पण घराचा मालक कुठे होता त्यात?

४

पश्चिमेच्या मंडपात दुपारी आडवं व्हायचं, ही नेंगाहची सवय. डोळा लागायच्या आधी घर कानाने ऐकायचं, हीसुद्धा. रस्मिनीच्या सपाता फटफट वाजतात. विराती टाच आपटत चालते. त्याची स्वतःची पावलं आखूड आणि पुष्कळ. अंगण ओलांडायला त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाचाही त्याला अभिमान आहे.

त्या दुपारी वारा पडला होता. आकाशात एकही पतंग घुमत नव्हता. दाराकडून स्वयंपाकघराकडे कुणीतरी गेलं. अनवाणी, सावकाश, घाई नाही. आणि अंगण फार लवकर संपलं. इतक्या थोड्या पावलांत ते अंगण कुणी ओलांडत नाही.

नेंगाह उठून बसला. अंगणात ऊन होतं, चाफ्याची चार फुलं पडली होती, दुसरं काही नाही. कोंबडा असेल, तो मनाशी म्हणाला. कोंबडा पावलं टाकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मग शेजारचा आवाज भिंतीवरून आला असेल. भिंती कधी कधी आवाज फसवतात, हॉटेलच्या धोबीखान्यातही असं व्हायचं, तिथे तर वाफेचा आवाज माणूस बोलल्यासारखा यायचा. एवढं सगळं स्वतःला समजावल्यावर त्याला बरं वाटलं.

तोंड धुवायला तो हंड्यापाशी गेला, तर पाणी घ्यायची करवंटी वर वाशाला टांगलेली. त्याचा हात पोचेना. त्याने टाचा उचलल्या, उडी मारली, शेवटी पाट घेतला. उडेंग घ्यायला खोलीत गेला, तर ते भिंतीवर खूप वर एका खिळ्याला. आरशात बघितलं, तर आरसा असा काही कललेला की त्यात त्याच्या कपाळाच्या वरचंच दिसावं.

त्याने रस्मिनीला विचारलं, खिळा कुणी वर ठोकला म्हणून. ती नारळ खवत होती. हात न थांबवता म्हणाली, "खिळा कोण कशाला ठोकेल, ब्ली? घर झालं तेव्हापासून तिथेच आहे."

"मग मी रोज उडेंग कसं काढतो?"

रस्मिनीचा हात आता थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं, आधी त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर, मग सावकाश खाली. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली, एखादा ओळखीचा चेहरा आठवेनासा झाल्यावर पडते तशी. "हात वर करून," ती म्हणाली आणि पुन्हा खवायला लागली.

५

दुसऱ्या फोटोच्या दिवशी नेंगाहने शर्ट स्वतः इस्त्री केला. उडेंगला एवढी खळ लावली की ते टेबलावर ठेवलं असतं तर उभं राहिलं असतं. रस्मिनी आणि विराती सणाच्या कपड्यांत नटल्या. दोघी अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मधोमध नेंगाह, हात कमरेवर, हनुवटी आभाळाकडे. बाहेर खाचरात गेरीपने दोरी धरली होती. या वेळी पतंग जरा पुढे ओढून तिरपा फोटो घ्यायचा होता, म्हणजे माणसं नीट दिसतील.

पतंग आला. वर एवढासा ठिपका, आवाज नाही. नेंगाह हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत राहिला. डोळ्यांत ऊन जात होतं, मानेवर घाम येत होता. आणि मग त्याच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला. ऊन गेलं होतं. समोर अंगणात ऊन होतं, रस्मिनीच्या खांद्यावर होतं, विरातीच्या केसांतल्या फुलांवर होतं. फक्त त्याच्या एकट्यावर सावली पडली होती, मागून. आणि मागे कुणीतरी श्वास घेत होतं, सावकाश, त्याच्या डोक्याच्या वर.

त्याने मान वळवली नाही. फोटो बिघडला असता.

संध्याकाळी सगळे पडद्याभोवती जमले. विरातीने फोटो मोठा केला. मग म्हणाली, "बापा, काय झ्याक दिसतोस."

फोटोत रस्मिनी होती, विराती होती, आणि दोघींच्या मधोमध एक माणूस होता. शर्ट नेंगाहचा, उडेंग नेंगाहचं, हात कमरेवर. रस्मिनीचं डोकं त्याच्या कोपराला लागत होतं. मागचा खांब, जो नेंगाहला नेहमी अवाढव्य वाटायचा, तो त्या माणसाला अगदी नेमका शोभत होता. दार, पायऱ्या, छपराची वळचण, सगळं त्याच्या अंगाशी असं जुळून आलं होतं, जणू एखाद्या जाणत्या शिंप्याने बेतलंय. चेहऱ्यावर उडेंगची सावली होती, त्यामुळे तोंड नीट दिसत नव्हतं. दात दिसत होते.

गेरीपने सांगितलं की फोनची काच तिरपी धरली की माणसं ताणली जातात. मग रस्मिनी का नाही ताणली, हे नेंगाहने विचारलं नाही. रस्मिनी पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते नेंगाहने लग्नाच्या दिवसानंतर बघितलं नव्हतं.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. आयुष्यभर गर्दीत टाचा उचलून बघणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी उंच दाखवत होतं, आणि तेही त्याच्याच अंगणात. त्याने तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. "हाच लावायचा," तो म्हणाला.

६

तरी त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि सकाळी तो न्यानाकडे गेला. म्हातारा उंडागी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. नेंगाहने त्याला खिळा सांगितला, करवंटी सांगितली, पावलं सांगितली. फोटोचं सांगता सांगता त्याच्या आवाजात नको तेवढी ऐट आली, आणि ती न्यानाला ऐकू गेली.

न्यानाने उपदेश केला नाही. काठी खाली काढ, म्हणाला, आणि माझ्याकडे घेऊन ये. ती जाळू, तुझं माप घेऊ आणि घर त्या मापाला आणू. खांब कापावे लागतील, भिंती आत घ्याव्या लागतील.

"किती आत?" नेंगाहने विचारलं.

न्यानाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "जरा लवकर कर, नेंगाह," तो म्हणाला. "तो राहायला आलाय."

नेंगाह घरी आला तो शिडी घेऊनच मंडपात शिरला. दुपार होती. रस्मिनी स्वयंपाकघरात होती, तिथून तव्यावर मिरची परतल्याचा ठसका येत होता. शिडी जुनी आणि डगमगती. तो जपून वर चढला आणि आढ्याखाली हात घातला. काठी लगेच हाताला लागली. धूळ, जाळी, असं काही नाही. ती गुळगुळीत होती, तेलकट होती, रोजच्या वापरातल्या खुरप्याची मूठ असते तशी. बोटाला एकेक खाच लागत गेली. हे पाऊल, ही वीत, ही वाव.

काठी उपसणार, एवढ्यात त्याचं लक्ष बाहेर गेलं. शिडीच्या टोकावरून सगळं अंगण दिसत होतं, जवळजवळ पतंगाने बघितलं तसंच. देवांच्या चौथऱ्यांवर सकाळची फुलं, छपरांच्या उतरत्या रेषा, चाफ्याखालची गार सावली. सगळं त्याचं. आणि मग त्याला दुसरं दिसलं. कापलेले खांब. आत आलेल्या भिंती. बांधावर उभी राहून बघणारी माणसं. नेंगाहचं घर आखडलं, असं म्हणणारी, आणि तोंडावर नाही तर घरी जाऊन हसणारी. उद्या तर फलक लागणार होता. एवढा उद्याचा दिवस होऊ दे, तो मनाशी म्हणाला. मग बघू.

त्याने काठी परत आत सारली. होती त्याहून आत.

शिडी डगमगत होती, ती एकदम थांबली. खालून कुणीतरी ती घट्ट धरली होती.

"हां, अशी धर, रस्मिनी," नेंगाह म्हणाला.

"काय म्हणालात, ब्ली?" रस्मिनीचा आवाज आला, पलीकडून, स्वयंपाकघरातून, तव्याच्या आवाजातून.

नेंगाह शिडीवर थांबून राहिला. खाली बघायचं त्याच्याने झालं नाही. आढ्याकडे तोंड करूनच तो एकेक पायरी उतरला, आणि त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत शिडी तसूभरही हलली नाही.

७

सभामंडपात फलकाच्या मधोमध नेंगाहचंच घर होतं. बाकीची घरं त्याच्याभोवती अशी लागली होती की ती त्या घराच्या पंगतीला बसल्यासारखी वाटत होती. गर्दी एवढी की नेंगाहला लोकांच्या खांद्यांशिवाय काही दिसेना. उडेंगची खळ घामाने उतरली होती. पण ऐकू सगळं येत होतं. काय अंगण, कुणी म्हणत होतं. आणि मालक बघा, घराला शोभतो. नेंगाहचा ऊर भरून आला.

मग त्याला राहवेना. तो पुढे घुसला आणि बोटाने दाखवत सांगायला लागला. ही कौलं कुठली, हा दगड कुठल्या डोंगराचा, पूर्वेच्या मंडपाच्या खांबाला लाकूड कसं मिळालं. लोक ऐकत होते. त्याने इतकं चांगलं जन्मात कधी सांगितलं नव्हतं. शेजारचा एक गृहस्थ कौतुकाने म्हणाला, "तुम्हाला बरीच माहिती दिसते, पाक. बांधकामाला होतात का तिथे?"

नेंगाह हसला. हा माणूस बाहेरगावचा असणार. त्याने पलीकडे उभ्या गेरीपला हात केला. गेरीपने मान लववली, अनोळखी पाहुण्याला बघून लववतात तेवढीच, आणि पुन्हा आपल्या घोळक्याशी बोलायला लागला. थट्टा करतोय लेकाचा, नेंगाहला वाटलं. मग वाटलं, उन्हाची तिरीप होती, दिसलो नसेन. मग तो काही वाटून न घेता घरी निघाला.

सवयीने तो आधी बांधावर गेला. सूर्य कलला होता आणि घराच्या भिंतीवर तांबूस ऊन पडलं होतं. असं घर त्याने आजवर बघितलंच नव्हतं. रोज सकाळी बघायचो, त्याला वाटलं, संध्याकाळी बघायला हवं होतं. आत धुपाचा वास होता. वर कुठेतरी एक पतंग होता, मुका.

दार उघडलं आणि रस्मिनी बाहेर आली. तिने डोळ्यांवर हात धरून बांधाकडे बघितलं.

"या पाक," ती म्हणाली. "घर बघायला आलात वाटतं?"

नेंगाह हसला आणि थांबला. आधी ती नाकातून हसेल, मग सगळं अंग हलवून. तो वाट बघत राहिला. रस्मिनी नम्रपणे उभी होती, हात जोडून, नजर जरा खाली, पाहुण्यासमोर उभं राहावं तशी. तिला उत्तराची घाई नव्हती.

"घर फार सुंदर आहे," नेंगाह शेवटी म्हणाला. ते खरंही होतं.

"हो ना," रस्मिनी म्हणाली. तिच्या आवाजात एवढा अभिमान होता की त्याला ऐकून बरं वाटलं. "आमच्या ह्यांनी स्वतःच्या अंगाच्या मापानं बांधलंय. थांबा, बोलावते त्यांना."

बोलवायची गरज पडली नाही. आतून अंगण ओलांडत पावलं येत होती, अनवाणी, सावकाश, थोडी. नेंगाहने दाराकडे बघितलं. बाहेर येणाऱ्याने मान वाकवली नाही. त्या दारात त्याला ती वाकवावी लागत नव्हती.